चारपैकी कशानं तरी

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला रेडिएटरचं झाकण विकत होतो. त्याच्या जीपचं पाणी का उकळतं ते त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. पण गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्यानं कारण शोधत बसायचं नसतं, भाग विकायचा असतो, या तत्त्वावर माझा संसार उभा आहे. मोबाइलवर भाचीचं नाव दिसलं. अश्विनी म्हणाली, "मामा, आबा गेले." मी म्हणालो, "अगं, पण सकाळीच तर..." सकाळीच दाजींचा फोन येऊन गेला होता. धाप लागलेला, पण हुकमी आवाज. "पाव्हणं, आता येकच ऱ्हायलंय. उद्या या. येताना काय आणू नका." ते 'काय आणू नका' फळांबद्दल नव्हतं. ते सुट्या भागांबद्दल होतं.

साताऱ्याहून तासगावकडे जाताना मी गाडीत सारखी काच खाली-वर करत होतो. कऱ्हाड गेलं, पलूस गेलं, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या, आणि माझ्या डोक्यात दुःख सोडून भलतंच काही फिरत होतं : ते एक राहिलेलं आता कोण बघणार? माझ्या बहिणीचं कुंकू पुसलं गेलं होतं आणि मी एका थर्मोस्टॅटचा विचार करत होतो. हे वाचून कुणी मला नावं ठेवली तर ठेवोत. दाजींनी ठेवली नसती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे मालक, हणमंतराव. हवाई दलात विमानांच्या इंजिनांचे फिटर होते. निवृत्त होऊन गावी आले, वडिलांची द्राक्षबाग बघू लागले, आणि बागेतल्या प्रत्येक माणसाला आपण अजून विमानांच्या हँगरमध्ये असल्यासारखं बोलू लागले. औषध फवारणाऱ्या गड्याला "रिपोर्ट दे" म्हणायचे. शांत, सोशिक, मितभाषी वगैरे जे शब्द गेलेल्या माणसावरच्या लेखांत येतात त्यातला एकही त्यांना लागू नाही. आवाज मोठा, राग नाकावर, आणि चूक झाली तरी ती मोठ्यांदाच करायची. एकदा तर अख्ख्या द्राक्षबागायतदारांच्या बैठकीत त्यांनी ठिबकच्या नळ्यांमधल्या दाबावर भाषण केलं होतं आणि ते साफ चुकीचं निघालं. घरी येताना म्हणाले, "तत्त्व बरोबर हुतं."

अश्विनी ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिनं विमान चालवायचं शिक्षण पुरं केलं, परवाना मिळवला, आणि नोकरीची वाट बघत घरी बसली. वाट बघणाऱ्या पोरीकडं बघत बसणं दाजींना जमणारं नव्हतं. त्यांनी ठरवलं, एका माणसापुरतं छोटं विमान आपणच बांधायचं. अॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, कापड आलं. पंख तयार झाले ते बेदाण्याच्या शेडमध्ये, जिथं जाळीच्या कप्प्यांवर द्राक्षं वाळत घालतात तिथं, सर्वांत वरच्या कप्प्यावर ठेवले. परवानगीचे कागद दिल्लीला जाऊन-येऊन मऊ झाले. आणि इंजिन आलं ते पुण्यात मोडीत निघालेल्या एका परदेशी शर्यतीच्या गाडीतून. रोटरी इंजिन. यात दट्ट्या वर-खाली होत नाही, एक फुगीर त्रिकोण पोटात गरागरा फिरतो. ते शेडमध्ये चाकांच्या गाड्यावर बसवलं आणि दाजींचं त्याच्यावर प्रेम बसलं. वर-खाली करणारं यंत्र दर फेऱ्यात दोनदा थांबतं, असं ते म्हणत. "ह्ये थांबतच न्हाई. आपल्या अश्वीवानी." आक्का आतून म्हणाली, "आणि बापावानी."

त्या इंजिनाशी माझी ओळख कशी झाली तेही सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्यावर कितपत विश्वास ठेवायचा ते वाचकाला कळेल. आधल्या हंगामात दाजींनी मला सांगितलं, कोपऱ्यातल्या कॅनमधलं पाणी इंजिनात भरा. कोपऱ्यात दोन कॅन होते. एकात शुद्ध केलेलं पाणी होतं. दुसऱ्यात द्राक्षं बेदाण्यासाठी जाळीवर टाकण्याआधी ज्यात बुडवतात ते पाणी, म्हणजे डिपिंग ऑइल आणि पोटॅशचं. मी मन लावून दुसरा कॅन ओतला. इंजिन सुरू झालं, पाणी आत घुसळलं गेलं, आणि जादा पाण्याच्या बाटलीतून पांढरा फेस असा वर आला, जसा विसर्जनाला गणपती घाटावर येतो. दाबाचा काटा वेड्यासारखा थरथरू लागला. दाजींनी इंजिन बंद केलं, फेस बोटांत चोळला, हुंगला, आणि माझ्याकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, बेदाणा करायचाय का ह्याचा?" ही गोष्ट त्यांनी तासगावच्या प्रत्येक व्यापाऱ्याला सांगितली. मी पण सांगितली. माझी जास्त रंगायची.

ते पाणी धुऊन काढलं, इंजिन स्वच्छ झालं, आणि मग खरा रोग समोर आला. हे जरा नीट सांगायला हवं. इंजिनातलं पाणी दाबाखाली ठेवावं लागतं, कुकरसारखं. दाब असला की पाणी तापलं तरी उकळत नाही आणि इंजिन थंड राहतं. आमच्या इंजिनात काय व्हायचं, तर सुरुवातीला सगळं ठीक. पूर्ण जोरावर काही वेळ चालवलं की दाबाचा काटा चढू लागायचा. चढत चढत जायचा, मग इंजिन पाणी बाटलीत ओकायचं, आणि आत पाणी कमी पडलं की तापमान एकदम उसळायचं. गाडीत असं झालं तर माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो, आजूबाजूचे जमतात, चहा होतो. आकाशात कडेला थांबता येत नाही. आणि कडेला थांबता न येणाऱ्या त्या खुर्चीत अश्विनी बसणार होती. त्यामुळं घरात या काट्याकडं सगळे ज्या नजरेनं बघत ती नजर मी एरवी फक्त दवाखान्यात बघितली आहे. आक्का तर शेडकडं फिरकायचीच नाही. इंजिन सुरू झालं की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची.

दाजींची तपासायची एक रीत होती आणि तिनं माझा जीव जायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ती बदलली की इंजिन पुन्हा पूर्ण वेळ चालवायचं, थंड होऊ द्यायचं, मग पुढची. त्यांचा पहिला संशय सर्वांत वाईट होता : आतली सीलं गेली असतील, जळालेला वायू पाण्यात शिरत असेल. तसं असतं तर सगळं इंजिन उकलावं लागलं असतं. त्यांनी पाण्यातले बुडबुडे बघितले, पाणी हुंगलं, रात्रभर दाब भरून ठेवून सकाळी बघितला. सीलं शाबूत होती. मग बाकी काय? झाकण असेल, नळी असेल, पाणी तापलं की त्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट असेल, दाबाचा काटाच खोटं बोलत असेल. मी म्हणालो, सगळंच नवं टाकू की, माझ्या दुकानात काय कमी आहे? ते म्हणाले, "तुमी दुकानदार हायसा. तुमाला रोग बरा करायचा न्हाई, औषध खपवायचंय."

तेवढ्यात त्यांच्याच छातीनं बंड केलं. हृदयाचा पंप नीट ओढेना, पाय सुजले, धाप लागू लागली. सांगलीच्या दवाखान्यात ठेवलं. तिथं डॉक्टरांनी एकदम गोळ्यांचा अख्खा संच बदलला, आणि दाजींना बरं वाटू लागलं. कुठलाही माणूस खूश झाला असता. हे उठून बसले आणि त्या तरुण डॉक्टरला विचारू लागले, यातल्या कुठल्या गोळीनं बरं वाटतंय? डॉक्टर म्हणाला, सगळ्यांचा मिळून परिणाम असतो. दाजी म्हणाले, "मिळून म्हंजे तुमालाबी म्हाईत न्हाई." मग एकेक गोळी बंद करून बघू, असा प्रस्ताव मांडला. आक्कानं पर्स उचलली आणि ती व्हरांड्यात जाऊन बसली. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, पेशंट आधी काय करायचे? मी म्हणालो, हेच.

आणि ते सांगलीत पडून असताना मी तो पराक्रम केला.

डॉक्टर बोलताना शब्द जपून वापरत होते, त्यावरून मला जे समजायचं ते समजलं होतं. दाजींकडं वेळ थोडा होता, आणि त्यांच्या रीतीनं गेलं तर पोरीचं विमान बघायला ते उरणार नव्हते. हे मला सहन होईना. मला मुळात काहीच थांबून सहन होत नाही, बसस्टॉपवर मी बस येईपर्यंत पुढच्या स्टॉपवर चालत जातो आणि बस मधेच निघून जाते. मी दुकानातून नवं झाकण घेतलं, पाण्याच्या पंपाकडं जाणारी नवी जाड नळी घेतली, थर्मोस्टॅट घेतला, नवा दाबाचा काटा घेतला, आणि तासगाव गाठलं. चारही बसवले. पाणी भरलं, यावेळी कॅन हुंगून. इंजिन चालवलं. काटा चढला तो जागेवर जाऊन असा थांबला, जसं पोलीस पाटलाच्या घरातलं घड्याळ. मी पूर्ण वेळ चालवलं. परत चालवलं. काटा हलेना. मी शेडच्या बाहेर येऊन एकटाच टाळ्या वाजवल्या. माल बघायला सांगलीहून घरी आलेल्या आक्कानं खिडकीतून बघितलं आणि खिडकी लावून घेतली.

दाजी घरी आले, त्यांना खुर्चीत बसवून शेडपर्यंत नेलं. मी इंजिन चालवून दाखवलं. त्यांचा चेहरा उजळला, खरंच उजळला, आणि मला वाटलं, झालं! मग ते म्हणाले, काय काय बदललं? मी सांगायला लागलो की सकाळी साताऱ्याहून निघालो तेव्हा आधी गाडीच... त्यांनी हात वर केला. "पाव्हणं, पुराण नगं. काय बदललं तेवढंच सांगा." मी चार नावं सांगितली. चेहऱ्यावरचा उजेड गेला.

"मग बरं कशानं झालं?"

"चारपैकी कशानं तरी झालंच की, दाजी."

त्यांनी काट्याच्या काचेवर बोटानं टकटक केलं. अश्विनी मागं उभी होती. मी बोलत सुटलो, की आवं, झालं ना बरं, आता कागद आले की चढू द्या पोरीला, तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघा, त्यासाठीच तर एवढं... पुढचं मी गिळलं, पण त्यांना ऐकू गेलं. ते ओरडले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले नाहीत, म्हणून ते वाक्य मला जसंच्या तसं आठवतं.

"माझी पोरगी चारपैकी कशानं तरी वर ऱ्हाणार न्हाई."

आणि त्यांनी काय केलं? बरं झालेल्या इंजिनाला परत आजारी पाडायला घेतलं. माझे नवे भाग काढून जुने परत लावायचे, एका वेळी एक. ज्या जुन्या भागानं काटा पुन्हा चढेल तो गुन्हेगार. मला हे वेडेपण वाटलं आणि मी तसं बोललो. अश्विनीला वाटलं असेलही, पण ती बापाच्या बाजूनं उभी राहिली. पाना तिच्या हातात, हुकूम खुर्चीतून. दाजींना चार पावलं चाललं की धाप लागायची. एका दिवसाचं काम त्यांना आठवडाभर पुरायचं. मी साताऱ्याहून येऊन-जाऊन भांडायचो. आधी जुना काटा परत लावला : इंजिन ठीक. मग जुनं झाकण : ठीक. मग जुनी नळी, जिच्यावर माझा सर्वांत जास्त संशय होता, तीही लावली, आणि इंजिन तसंच गोड चाललं. प्रत्येक वेळी काटा जागेवर थांबला की दाजी निराश व्हायचे आणि मी त्याहून. माणसाचे दिवस सरत आहेत आणि तो चालत्या इंजिनासमोर बसून ते बिघडायची वाट बघतोय, हे दृश्य मी कुणाला सांगू? मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या घरातली माणसं.

शेवटी फक्त थर्मोस्टॅट राहिला. त्यासाठीच तो सकाळचा फोन होता.

सुतकात इंजिनाला कुणी हात लावला नाही. माणसं भेटायला येत, ओट्यावर बसत, दाजींच्या तापट स्वभावाच्या गोष्टी निघत आणि रडता रडता कुणी हसून जाई. दिवस-कार्य उरकल्यावर एका सकाळी अश्विनी मला म्हणाली, "मामा, चल." एवढंच. तिनं जुना थर्मोस्टॅट बसवला. आता चारही जुने भाग परत जागेवर होते. इंजिन म्हणजे तेच, जे दाजी सांगलीला जायच्या आधी पाणी ओकत होतं. तिनं ते सुरू केलं आणि आम्ही दोघं काट्यासमोर उभे राहिलो. मी मनातून म्हणत होतो, चढ रे बाबा, एकदा चढ... काटा चढला, जागेवर आला आणि थांबला. पूर्ण वेळ थांबून राहिला.

अश्विनीनं इंजिन बंद केलं. तिचा चेहरा बापाच्या चेहऱ्यासारखा झाला होता, उजेड गेलेला. "म्हणजे चारपैकी कशानंच नाही," ती म्हणाली. मी काही बोलायला गेलो तर म्हणाली, "मामा, हे आता कधीही बिघडू शकतं. मला माहीत नाही कधी. मी यात नाही बसणार. पंख उतरवू या, विकून टाकू." ती घरात गेली. मी शेडमध्ये उभा राहिलो आणि माझा सगळा चळवळेपणा पहिल्यांदाच निरुपयोगी झाला, कारण बदलायला काही उरलंच नव्हतं.

त्याच दुपारी पलूसहून दाजींचे एक मावसभाऊ भेटायला आले. म्हातारे गृहस्थ, ऐकायला कमी, आणि त्यामुळं माझ्या गोष्टींना अत्यंत योग्य. त्यांना दाजींच्या शेवटच्या दिवसांबद्दल ऐकायचं होतं. मी माझ्या पराक्रमाची गोष्ट सुरू केली आणि मधे हात वर करणारं कुणी नव्हतं, म्हणून ती पहिल्यांदाच पुरी सांगितली. साताऱ्याहून निघालो तिथपासून. शेडमध्ये पोचलो तर हंगाम होता, आत बेदाण्याचे बॉक्स छतापर्यंत लावलेले. आक्कानं दम दिला, की तुझ्या पेट्रोलच्या धुराचा वास माझ्या मालाला लागला तर व्यापारी मागं पाठवील आणि मग तुलाच खायला घालीन. म्हणून इंजिनाचा चाकांचा गाडा मी बाहेर काढायला घेतला. पण शेडच्या तोंडाशी पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून सिमेंटचा उंचवटा घातलाय. पुढची चाकं कशीबशी त्याच्यावर चढली आणि तिथंच अडकली. मागची काही केल्या येईनात. मी बैलासारखा जोर लावला, पाठीत उसण भरली, आणि म्हणालो मरू दे, नाक वर करून बसलाय तर बसू दे, इथंच काम करू. आणि मी तिथंच...

"मामा," अश्विनी दारात उभी होती. "पाणी तू तिथंच भरलंस? नाक वर असताना?"

"मग कुठं भरणार? हलतोय का तो? अजून तिथंच तर आहे."

मी बोलून गेलो आणि मग मलाच ते ऐकू आलं. अजून तिथंच आहे. त्या दिवसापासून त्या गाड्याला कुणीही हलवलं नव्हतं. दाजींच्या सगळ्या चाचण्या, काढणं-बसवणं, पाणी सोडणं-भरणं, सगळं त्याच उंचवट्यावर झालं होतं. सील, झाकण, काटा, डॉक्टर, मेव्हणा, जगातल्या कशावरही विश्वास न ठेवणाऱ्या त्या माणसानं जमिनीवर विश्वास ठेवला होता. आणि मी चार नावं सांगितली होती, कारण मला चार नावंच विचारली होती. पाचवी गोष्ट मी बदलली आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. ती पुराणात होती.

म्हाताऱ्यांना ओट्यावर चहासह सोडून आम्ही शेडकडं गेलो. अश्विनीनं गुडघ्यावर बसून नळ्यांवरून हात फिरवला आणि मला दाखवलं. पाणी भरायचं तोंड इंजिनाच्या पुढच्या अंगाला. मागच्या अंगाला नळीचं एक वळण, त्या तोंडाहून बोटभर उंच. गाडा सपाट जमिनीवर ठेवून पाणी भरलं की त्या वळणात हवा कोंडून राहायची. बाहेर जायला तिला वाटच नाही. इंजिन तापलं की तिथं वाफ व्हायची, वाफ फुगायची, दाब चढायचा, पाणी बाटलीत यायचं. नाक वर केलं की तोंड सर्वांत उंच होतं आणि भरतानाच हवा आपली निघून जाते. बस्स. कुठलाही भाग खराब नव्हता. माझ्या दुकानात त्याचं औषधच नव्हतं.

बेदाण्याचा माल आता विकला गेला होता, म्हणून आम्ही दोघांनी गाडा मागं ओढून आत सपाटीवर घेतला. पाणी सोडलं, पुन्हा भरलं. सुरू करायच्या आधी अश्विनी थबकली आणि घराकडं गेली. परत आली तेव्हा तिच्याबरोबर आक्का होती. आक्का शेडच्या दाराशी पदर कमरेला खोचून उभी राहिली, आत यायचं की नाही ते न ठरवता.

इंजिन सुरू झालं. काटा चढून जागेवर आला, थोडा वेळ थांबला, आणि मग... हळूच वर सरकला. अजून वर. अश्विनीनं माझा दंड पकडला. काटा चढत राहिला, बाटलीत पाणी खदखदून वर आलं आणि आम्ही दोघं लॉटरी लागल्यासारखे त्या बिघडलेल्या इंजिनासमोर हसत उभे होतो. अश्विनीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. आक्कानं विचारलं, "काय झालं? बिघडलं का?" मी ओरडून म्हणालो, "बिघडलं! बिघडलं!"

त्यानंतर मनात एक विचार आला तो अजून गेलेला नाही. मी जिंकलो असतो तर? त्या दिवशी दाजींनी माझं ऐकलं असतं, विमान कऱ्हाडच्या धावपट्टीवर गेलं असतं, पहिल्या उड्डाणाला सगळं छान झालं असतं, पेढे वाटले असते. दाजींनी ते बघितलं असतं. हे खरं आहे, आणि त्याची हळहळ मला आजही आहे. पण पुढं कधीतरी कुणीतरी त्या सपाट, गुळगुळीत धावपट्टीवर पाणी बदललं असतं... विमानही तीन चाकांवर सपाटच उभं राहतं. मी हे चित्र इथवर आणतो आणि उठून फेऱ्या मारू लागतो. कधी मला वाटतं, त्यांनी बघायला हवं होतं. कधी वाटतं, त्यांनी हे पुढचंच तर बघितलं होतं, आणि मी नाही. दोन्ही एकाच वेळी वाटतं, आणि कुठलं काढून कुठलं ठेवावं ते कळत नाही.

आता गाडा परत उंचवट्यावर चढवला. पाणी सोडून भरलं. भरताना तोंडातून हवेचे मोठे बुडबुडे आले ते आक्कानं वाकून बघितले, म्हणजे ती आत आली होती. इंजिन चालवलं, काटा जागेवर थांबला. अश्विनी समजावून सांगू लागली की आता नळीचं ते वळण खाली घेऊ, त्याला हवा सोडायची एक छोटी तोटी बसवू, म्हणजे सपाट असो, तिरपं असो, काही अडकणार नाही. आक्का ऐकत होती की नव्हती कोण जाणे. तिचं लक्ष काट्यावर होतं. मग ती म्हणाली, "परत येकदा दाखव."

"चाललंय की ते नीट, आई."

"ते न्हाई. बिघडतं कसं ते दाखव."

आम्ही गाडा पुन्हा सपाटीवर घेतला. पुन्हा पाणी, पुन्हा आवाज, पुन्हा काटा वर. आक्का कपाळाला आठ्या घालून बघत राहिली, बाटलीत पाणी उसळेपर्यंत. मग तिनं मान हलवली आणि अश्विनीनं इंजिन बंद केलं.

बंद केल्यावर दाजी लगेच उठायचे नाहीत. द्राक्षाचा एक क्रेट पालथा घालून त्यावर बसायचे, इंजिन पुरतं थंड होईपर्यंत, दाब उतरतो कसा ते बघत. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही, असा नियम होता. मी तो कधी पाळला नव्हता. त्या संध्याकाळी आक्का त्या क्रेटवर बसली, आम्ही दोघं जमिनीवर. तापलेला धातू टिकटिकत होता, काटा इतका सावकाश उतरत होता की उतरताना दिसत नव्हता, फक्त उतरलेला दिसायचा. माझ्या जिभेवर दोन-तीन गोष्टी येऊन गेल्या, चांगल्या होत्या. मी सांगितल्या नाहीत.

काटा खाली टेकला. आक्का उठली, लुगडं झटकलं, इंजिनावर हात ठेवून बघितला, भाकरीच्या तव्यावर ठेवतात तसा, आणि लेकीला म्हणाली, "निवलंय. बसव आता इमानात."